जुनी कोब्रा रेप्लिका घेताना: कागद, चासी आणि तो कडक क्लच

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत गाड्यांचा नाद असलेला एखादा तरी असतोच, आणि चाळिशी उलटली की तो हळूच विचारतो, "कोब्रा घेऊ का रे?" खरी कोब्रा नव्हे, रेप्लिका. खऱ्या कोब्राची गोष्ट 1962 ची. सरे परगण्यात थेम्स डिटनला एसी कार्स नावाची छोटी कंपनी होती. तिच्या हलक्या रोडस्टरमध्ये, म्हणजे उघड्या दोन सीटच्या गाडीत, कॅरल शेल्बी या अमेरिकन माणसाने फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं. मूळ गाड्या बनल्या हजारच्या आसपास, आणि त्यातली पहिली 2016 साली लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेली. तेव्हा आपल्या आवाक्यात येते ती फायबर बॉडीची रेप्लिका.

ही गाडी एखाद्या मोठ्या कारखान्यातून तयार होऊन आलेली नसते. डॅक्स, पिलग्रिम, गार्डनर डग्लस, एके अशा किट कंपन्या चासी आणि बॉडी देतात. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल बहुतेक वेळा एखाद्या जुन्या जॅग्वार, फोर्ड किंवा रोव्हरमधून काढलेला असतो आणि जोडणी कोणीतरी शनिवार-रविवारी आपल्या गॅरेजमध्ये केलेली असते. एकाच कंपनीच्या एकाच किटच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा, एक घड्याळासारखी चालेल आणि दुसरीची वायरिंग बघून झोप उडेल. म्हणून नावापेक्षा जोडणाऱ्याचा हात बघायचा.

तो हात सगळ्यात लवकर कळतो क्लचच्या पेडलवर. विकणारा हमखास म्हणणार, "व्ही-8 आहे, क्लच जड असणारच." हे अर्धंच खरं. जोरकस इंजिनाला जोरकस प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी स्प्रिंगची प्लेट) लागते हे ठीक, पण पाय भरून येईल इतका कडक क्लच बहुतेक वेळा पेडल, सिलिंडर किंवा केबलच्या चुकीच्या निवडीमुळे असतो. तो गिअरबॉक्स न उतरवता सुटतो. नवशिक्याला हे माहीत नसतं, म्हणून एक तर तो चांगली गाडी सोडून देतो, नाही तर वाईट गाडी घेऊन बसतो.

निघण्याआधी, घरबसल्या

जाहिरातीतला नंबर घ्या आणि सरकारी साइटवर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास काढा. फुकट मिळतो. 2005 पासूनच्या तपासण्या, मैल आणि 'यावर लक्ष ठेवा' म्हणून लिहिलेले शेरे सगळे दिसतात. दहा वर्षांत गाडी आठशे मैल चालली असेल तर खूश होऊ नका. उभ्या गाडीची सील सुकतात, सिलिंडर गंजतात, ब्रेक जाम होतात. दरवर्षी हजार-दोन हजार मैल धावलेली गाडी मी केव्हाही आधी बघायला जाईन.

मग व्ही-5-सी, म्हणजे तिथलं आरसी बुक. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यावर नाव असलेला माणूस हा नोंदणीकृत ताबेदार असतो, मालकीचा तो पुरावा नाही. म्हणून खरेदीची पावती आणि गाडीवर कर्ज नाही याची तपासणी वेगळी करायची. दोन, 'मेक' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. तिथे किटचं नाव हवं. रेप्लिका उभी आहे आणि कागदावर 'फोर्ड सिएरा' किंवा 'जॅग्वार एक्सजे-6' असेल, तर जुन्या गाडीची ओळख तशीच चिकटवली गेली असण्याची शक्यता आहे. पुढे डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याने विचारणा केली की त्रास तुमच्या दारी येणार. अशा गाडीचा कागद विकणाऱ्याने आधी दुरुस्त करून घ्यावा, मग बोलू.

एकेका गाडीच्या तपासणीची एसव्हीए पद्धत प्रवासी गाड्यांना 1998 मध्ये लागू झाली, आणि 2009 पासून तिची जागा आयव्हीएने घेतली. त्याआधी रस्त्यावर आलेल्या गाड्यांची अशी कडक तपासणी झालेली नसते. त्या वाईट असतात असं नाही, पण त्यांच्या बाबतीत तुमचे डोळे जास्त उघडे हवेत. नंबर 'क्यू'ने सुरू होत असेल तर गाडीचं वय किंवा मूळ ओळख ठरवता आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. चालवायला काही अडत नाही. मात्र अशा गाडीला आवडीचा नंबर लावता येत नाही आणि विकताना भाव थोडा पडतो. घेताना तोच आपला फायदा.

मध्येच एकाचा प्रश्न असतो, "पुढे पुण्याला नेता येईल का?" तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी साधारणपणे भारतात आयात करता येत नाही, आणि घरी जोडलेल्या गाडीला तिथे टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलला मिळणारी मान्यता, कुठून आणणार? तो विचार सोडा.

गाडीसमोर

विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बोनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर का गरम केलं ते विचारायचंच.

बिल्ड फाईल मागा. जोडणीचे फोटो, पावत्या, कोणता पार्ट कोणत्या गाडीचा याची यादी. ही फाईल नसेल तर पुढे साधं ब्रेक पॅड घ्यायलाही दुकानात चाक घेऊन उभं राहावं लागतं. क्लचच्या दृष्टीने फाईलमधून चार गोष्टी टिपून घ्या: इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, मास्टर सिलिंडरचा (पेडलला जोडलेला, तेल दाबणारा सिलिंडर) बोअर म्हणजे आतला व्यास किती, आणि क्लच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणारा) आहे की केबलचा.

खाली वाका. चासीच्या चौकोनी नळ्यांवर पावडर कोटिंग असतं. त्याला बारीक चीर गेली की आत पाणी शिरतं आणि वरून रंग चकचकीत असताना आतून लोखंड फुगतं. नखाने खरवडा, बोटाने टिचक्या मारा. बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर तिथे कधीतरी धक्का बसलाय किंवा माउंटिंग फार आवळलंय. मागे जॅग्वारचा ॲक्सल असेल तर ब्रेक डिस्क बहुतेक वेळा चाकाजवळ नसून मधे, डिफरन्शिअलला (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) चिकटून असतात. तिथली ऑइल सील गळली की तेल थेट डिस्कवर. टॉर्च मारून बघा. पेट्रोलचे रबरी पाइप किती जुने ते विचारा. 2021 च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये पंपावरचं साधं पेट्रोल ई-10 (इथेनॉल मिसळलेलं) झालंय आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. आणि बाजूने जाणारे एक्झॉस्ट असतील तर उन्हाळा असला तरी बर्म्युडा घालून जाऊ नका. उतरताना पोटरी भाजते. कोब्रावाले एकमेकांना हे डाग कौतुकाने दाखवतात, तुम्ही पहिल्याच दिवशी मिळवायची गरज नाही.

क्लच पायाखाली

इंजिन बंद. पातळ तळाचे बूट घाला, कारण या गाडीत पाय ठेवायची जागा अरुंद असते आणि जाड बुटाने शेजारचं ब्रेकचं पेडलही दाबलं जातं. पेडल अगदी सावकाश दाबा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं जड लागतंय का? की मधेच अडकून, खरखरत, टप्प्याटप्प्याने जातंय? एकसारखं जड असेल तर मापांचा मामला आहे. खरखरत असेल तर काहीतरी सुकलंय, झिजलंय किंवा वाकलंय. आता पाय हळू उचला. पेडल पायाबरोबर वर यायला हवं. मागे राहिलं तर पाइप, सिलिंडर किंवा केबलवर संशय.

मग विकणाऱ्याला आत बसवा, पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडून पेडल बॉक्स (पेडलं बसवलेली चौकट) जिथे बोल्ट केलाय ती भिंत बघा. पत्रा किंवा फायबर पुढे फुगताना दिसलं तर पायाचा बराच जोर क्लचला न पोचता भिंत वाकवण्यात जातोय. हे काही मिनिटांचं निरीक्षण, पण करतात फार थोडे.

चालवून बघताना वीसेक मिनिटं तरी घ्या आणि त्यातली काही ट्रॅफिकमध्ये. गरम झाल्यावर क्लच जास्त कडक होतो का ते बघायचंय. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगाला जोरात ॲक्सिलरेटर द्या. आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर प्लेट घसरतेय. मग मात्र गिअरबॉक्स उतरवायचाच आहे असं धरून भाव करा. बऱ्याच रेप्लिकांमध्ये चासीच्या आडव्या नळ्यांमुळे गिअरबॉक्स खालून निघत नाही, इंजिनासकट वरून काढावा लागतो. त्याची मजुरी नुसत्या क्लच सेटपेक्षा कितीतरी जास्त असते.

प्लेट घसरत नाही, फक्त पेडल कडक आहे? तर तोंड जरा वाईट करा, "क्लचचं काम निघणार" म्हणा आणि घासाघीस करा. इंग्रज माणूस हुज्जत घालत नाही असा आपला एक समज आहे. किट कारवाल्यांशी व्यवहार केला की तो जातो.

घरी आणल्यावर: कडकपणा नक्की कुठे आहे?

नवा माणूस इथे थेट क्लच सेट मागवतो. थांबा. पायापासून प्लेटपर्यंतच्या साखळीचे तीन तुकडे करा आणि एकेक तपासा. गाडी सपाट जागी, चाकांना ओट, जॅक चासीच्या नळीखाली आणि मग ॲक्सल स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, आणि फायबरखाली जॅक तर लावायचाच नाही.

पहिला तुकडा, पेडल. मास्टर सिलिंडरच्या रॉडला पेडलशी जोडणारी पिन काढा, परतीची स्प्रिंग असेल तर तीही. आता पेडल एका बोटाने झुलायला हवं.

दुसरा तुकडा, तेलाचा मार्ग. स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लचकडचा रॉड ढकलणारा) बेल हाउसिंगवरून, म्हणजे क्लचवरच्या आवरणावरून, सोडवा, पाइप जोडलेलाच ठेवा. अंगठ्याने त्याचा पिस्टन आत ढकला. तेल वरच्या डबीत परत जात पिस्टन गुळगुळीत आत सरकला पाहिजे. स्लेव्ह असा मोकळा असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका. पिस्टन उडून बाहेर येतो आणि तेल तुमच्या तोंडावर.

तिसरा तुकडा, फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारी दांडी. स्लेव्ह काढलेलाच आहे, तर फोर्क हाताने हलवा. फोर्कने ढकललं जाणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकेपर्यंत तो सहज आणि आवाज न करता सरकला पाहिजे. टेकल्यानंतर हाताने हलणार नाही, ते बरोबरच आहे.

जिथे अडकलं तिथे दुखणं. तिन्ही तुकडे मोकळे निघाले तर दोष मापांत आहे किंवा प्रेशर प्लेटमध्ये.

पेडल अडकत असेल

पाय ठेवायच्या जागेत डोकं खाली करून शिरावं लागतं, पाठ सीटवर आणि पाय हवेत. हे काम करताना शेजारी बघतात, बघू द्या. पेडलचा बोल्ट काढला की बहुतेक वेळा आतला बुश (पेडल ज्यावर फिरतं ती बाही) कोरडा ठणठणीत सापडतो, त्यावर तपकिरी भुकटी आणि एका बाजूला झिजलेली चकाकी. कधी बुशच नसतो, लोखंडावर लोखंड. पितळी किंवा नायलॉनचा बुश बसवा, ग्रीस लावा, वॉशर असा घाला की बोल्ट पूर्ण आवळल्यावरही पेडल चिमटलं जाणार नाही. रॉड मास्टर सिलिंडरमध्ये सरळ जातोय का तेही बघा. तिरपा जात असेल तर पिस्टन एका बाजूला घासतो आणि कितीही ग्रीस लावलं तरी कडकपणा परत येतो.

तेलाचा मार्ग अडकत असेल

ब्लीड निपल (स्लेव्हवरचं हवा काढायचं तोंड) उघडल्यावरच पिस्टन सरकतो का? मग अडथळा वर आहे. पहिला संशय रबरी होजवर. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगून बंद होत आलेला असतो. दाबाने तेल पुढे जातं, परत यायला वेळ लावतं. होज बदलाच, स्टीलच्या जाळीचा घ्या. दुसरा संशय मास्टरच्या रॉडवर. तो इतका लांब करून ठेवलेला असतो की पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि डबीकडे जाणारं छोटं भोक झाकलेलं राहतं. रॉडला एक-दोन मिलिमीटरची मोकळीक हवीच.

तिसरी गोष्ट, डबीचं झाकण उघडून आतलं रबर बघा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कुणीतरी ब्रेक ऑइलऐवजी दुसरं तेल ओतलंय. खनिज तेलाने या सिलिंडरांची रबरं फुगतात आणि पिस्टन जागेवर आवळतात. मग धुऊन भागत नाही. दोन्ही सिलिंडरची सील, होज, सगळं बदला आणि पाइप साफ करा.

केबल असेल तर

सिएरासारख्या गाडीचे पार्ट वापरलेल्या रेप्लिकांत केबल सापडते. केबल फोर्कच्या टोकाला सोडवा आणि आतली तार हाताने ओढा. खरखर लागली तर नवी घ्या. पण नवी बसवण्याआधी जुनी का मेली ते बघा: बहुतेक वेळा ती एक्झॉस्टच्या फार जवळून गेलेली असते आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळलेलं असतं. गरम झाल्यावरच कडक होणारा क्लच म्हणजे हेच. वळणं मोठी ठेवा, एक्झॉस्टपासून लांब न्या, नाहीच जमलं तर उष्णता अडवणारी बाही चढवा. अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नका, धूळ धरून ते उलट जाम होतं.

सगळं मोकळं, तरी जड: मापं काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त रेप्लिका इथेच सुटतात. बाथरूममधला वजनकाटा उभा धरून पेडलवर टेकवा आणि काट्यावरून पेडल दाबा. आकडा अगदी अचूक येणार नाही, पण आधी आणि नंतर यांची तुलना करायला पुरतो. रोजच्या साध्या गाडीत साधारण दहा ते पंधरा किलो येतात. पंचविसाच्या पुढे गेलात तर लंडनच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा बोलायला लागतो.

आता मास्टर सिलिंडर. बाजारात 5/8, 0.70 आणि 3/4 इंच बोअरचे सहज मिळतात आणि बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. जोडणाऱ्याने हाताशी होता तो लावलेला असतो, बहुतेक वेळा मोठा. पायाला लागणारा जोर बोअरच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 3/4 काढून 0.70 लावला तर जोर सुमारे 13 टक्क्यांनी कमी होतो, 5/8 लावला तर सुमारे 31 टक्क्यांनी. फुकट काहीच मिळत नाही, स्लेव्हचा रॉड त्याच प्रमाणात कमी सरकतो. म्हणून आधी पट्टी घ्या, कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला लावा आणि रॉड किती सरकतो ते मोजा. समजा 3/4 वर 18 मिमी सरकतो. 0.70 वर तो 15.7 होईल, 5/8 वर 12.5. सध्या क्लच कुठे सुटतो तेही बघा. पेडल अर्ध्यावरच क्लच सुटत असेल तर हातात भरपूर मोकळीक आहे, बोअर खुशाल लहान करा. अगदी तळाशी सुटत असेल तर बोअरला हात लावू नका, गिअर टाकताना कचकन आवाज येईल.

दुसरा उपाय पेडलवरच. पेडलच्या खिळीपासून पायाच्या पट्टीपर्यंतचं अंतर भागिले खिळीपासून रॉडपर्यंतचं अंतर, हे गुणोत्तर. 5 चं 6 केलं तर जोर एक षष्ठांशाने कमी. त्यासाठी पेडलला नवं भोक पाडावं लागतं. वेल्डिंगचं काम निघालं तर जाणकाराकडून करून घ्या, पेडल तुटलेली गाडी चौकात सांभाळता येत नाही. आणि हो, सीट पुढे घेता येते का तेही बघा. जोडणारा सहा फुटी असेल आणि सीट त्याच्या मापाने कायमची बोल्ट केलेली असेल, तर आपल्याला पाय ताणून दाबावं लागतं आणि हलका क्लचही जड वाटतो.

शेवटी गिअरबॉक्स उतरवायचाच असेल

फोर्क अडकत होता, किंवा मापं बरोबर असूनही जड आहे, तर इलाज नाही. क्लच प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटची बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात आणि पेडल जड होत जातं. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. त्याचबरोबर ज्या नळीवर बेअरिंग सरकतं ती बोटाने चाचपा. चर पडलेले असतील तर ती बदला, नुसतं ग्रीस लावून भागत नाही. फोर्क ज्या गोळ्यावर टेकतो तिथेही बघा. रोव्हर व्ही-8 बरोबर येणाऱ्या एलटी-77 गिअरबॉक्सचा फोर्क याच जागी झिजत जाऊन शेवटी आरपार भोक पडतं, त्यामुळे तो बाहेर आलेला असताना मजबुतीची पट्टी वेल्ड केलेला फोर्क घालून टाका. नळीला आणि स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या दांड्यावरच्या खाचांना) ग्रीस लावा, पण अगदी पुसट. जास्तीचं उडून प्लेटवर जातं.

प्रेशर प्लेट मागवताना रेसिंगची जड प्लेट घेण्याचा मोह आवरा. आधीच्या मालकाने तीच घातली असेल, तर तुमच्या इंजिनाच्या ताकदीला पुरेल अशी साधी प्लेट बसवली की पेडल तिथेच हलकं होतं.

हवा काढणं आणि तपासणी

तेलाचा मार्ग कुठेही उघडला असेल तर आत शिरलेली हवा काढावीच लागते. डॉट-4 ब्रेक ऑइल, नवी सीलबंद बाटली. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो. स्लेव्हचं निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. काही गाड्यांत स्लेव्ह उलटा बसवलेला असतो आणि हवा वर अडकून राहते. तसं असेल तर स्लेव्ह सोडवून, पिस्टन आत दाबून धरून, निपल वर करून हवा काढा आणि मग परत बसवा.

इंजिन चालू करा, पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे. मग गाडी अर्धा तास फिरवून आणा आणि गरम असतानाच पुन्हा वजनकाटा लावा. थंड आणि गरम आकड्यांत दोन-तीन किलोंपेक्षा जास्त फरक आला, तर एक्झॉस्टजवळून जाणारा पाइप किंवा केबल अजून लांब न्यायची आहे.